कठडा ओलांडला म्हणजे नेमका कोणता गुन्हा? (भाच्याबद्दल विचारणाऱ्या ताईंसाठी)

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचा १९ वर्षांचा भाचा मित्रांबरोबर बाहेरगावच्या प्राणिसंग्रहालयात गेला होता. मगरींच्या तळ्यापाशी मोबाईल निसटून कठड्यापलीकडे पडला आणि तो काढायला पोरगा आत उतरला. गार्डने त्याला वर ओढलं, नाव-पत्ता लिहून घेतला, मोबाईल ठेवून घेतला आणि ‘गुन्हा दाखल होणार’ म्हणून सांगितलं. दाजींचं म्हणणं, पोरगा जाळीच्या आत गेलाच नाही, कठडा आणि जाळी यांच्या मधल्या जागेत होता, मग कसला गुन्हा? आणि इथल्या कुणाच्या तरी ओळखीने हे मिटवता येईल का, असंही तुम्ही विचारलंय.

मी वकील नाही. सोलापूरचाच, पण नोकरी बाहेर झाली. एका प्राणिसंग्रहालयात २२ वर्षं काढली, कीपर म्हणून लागलो आणि पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. अशा प्रकरणांत जबाब लिहून दिलेत, त्यामुळे कायद्याची ही बाजू चांगली माहीत आहे.

आपल्याकडे ‘प्राण्याच्या पिंजऱ्यात शिरणे’ असा वेगळा गुन्हा नावानिशी लिहिलेला नाही. कॅलिफोर्नियात आहे. तिथल्या दंडसंहितेच्या ६०२.१३ कलमात प्राणिसंग्रहालय, सर्कस किंवा फिरत्या प्रदर्शनातल्या प्राण्याच्या आवारात परवानगीशिवाय शिरणं हाच गुन्हा आहे. मात्र ‘आत जाऊ नये’ अशी पाटी प्रवेशद्वारापाशी किंवा त्या आवारावर लावलेली हवी, ही अटही त्यातच आहे. मला ती अट फार आवडते. पाटी लावायची जबाबदारी संस्थेची, ती पाळायची जबाबदारी आपली.

आपल्याकडे हे काम वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधलं कलम ३८जे करतं. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं, त्रास देणं, इजा करणं, खायला घालणं, आवाजाने किंवा इतर कशाने त्याची शांतता मोडणं, आवारात कचरा टाकणं, एवढं सगळं त्यात येतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा केला तर कैद वर्षापर्यंत जाते. आता दाजींच्या मुद्द्याकडे या. या कलमात पिंजरा, जाळी, खंदक यांपैकी एकही शब्द नाही. प्राण्याला त्रास झाला का, एवढंच ते विचारतं. त्यामुळे ‘जाळीच्या अलीकडेच होता’ हा बचाव दाजींना वाटतो तेवढा पक्का नाही.

दुसरं कलम लोक सांगतात ते अतिक्रमणाचं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यात ते ३२९ वं आहे, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत. पण त्यासाठी हेतू लागतो. गुन्हा करायचा किंवा जागेचा ताबा असलेल्याला धमकवायचं, अपमान करायचा, त्रास द्यायचा या इराद्याने शिरलेला असावा लागतो. पडलेला मोबाईल उचलायला उतरलेल्या पोरावर हे टिकवणं अवघड आहे.

ती मधली जागा कशासाठी असते, ते मात्र दाजींना जरूर सांगा. कठडा प्राण्यासाठी नसतोच, माणसासाठी असतो. जाळीतून पंजा, सोंड किंवा जबडा जिथवर पोचेल त्याच्या पलीकडे माणूस राहावा म्हणून ती मोकळी पट्टी सोडलेली असते. मगरीचं तर विशेष. तासन्तास दगडासारखी पडून राहते, तोंड उघडं, डोळा अर्धा मिटलेला, आणि बघणाऱ्याला वाटतं झोपलीय. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि त्या जागेवर पहारा देते. त्या दिवसांत रोज खाऊ घालणारा कीपरसुद्धा हातात काठी असल्याशिवाय त्या वाळूकडे पाऊल टाकत नाही.

आपल्या वयाच्या सोलापूरकरांना कठड्याचं अप्रूप नसण्याचं एक कारण मला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत दिसतं. सर्कस यायची तेव्हा आम्ही सकाळीच तंबूमागे जाऊन सिंहाच्या गाडीला नाक लावून उभे राहायचो. कोणी हटकत नसे. सर्कशीत वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल, माकड यांचे खेळ करायला १९९८ च्या अधिसूचनेने बंदी आली. पण जनावराला हात लागेल इतकं जवळ जायची ती हौस तशीच राहिली.

माझ्या नोकरीतला एक दिवस सांगतो. एक तरुण सिंहांच्या कोरड्या खंदकात उतरला. त्या बाजूच्या कठड्याचा एक आडवा पाईप कित्येक महिने निखळलेला होता आणि मी त्याबद्दल दोनदा लेखी दिलं होतं. कोणी लक्ष दिलं नव्हतं. वर तीनशे-चारशे माणसं ओरडत होती, कोणी चपला फेकत होतं. सिंहीण उठून बसली. आमच्या जुन्या कीपरने आतल्या खोलीत जाऊन सरकता दरवाजा वर ओढला आणि लोखंडी बादलीवर पळी आपटायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी मांस टाकायच्या वेळी करायचा तसंच, त्याच लयीत. तिने दरवाजाकडे दोन पावलं टाकली आणि मागे वळून बघितलं. पुन्हा दोन पावलं, पुन्हा वळली. वर ओरडा झाला की ती थांबायची. मी हात जोडून लोकांना गप्प करत होतो. अकरा मिनिटांनी ती आत आली आणि दरवाजा पडला. पोरगा वाचला. ती दोन दिवस मांसाला शिवली नाही, खोलीच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसून होती.

ती अकरा मिनिटं सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात गेला आणि मेला. वरून लोकांनी वाघाला दगड मारल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. २०१६ मध्ये चिलीतल्या सँटियागोला एक माणूस सिंहांच्या आवारात उतरला, त्याला वाचवायला दोन सिंहांना गोळ्या घालाव्या लागल्या. तो जीव द्यायला गेला होता. अशा माणसाला शिक्षा हे उत्तर नाही, आणि आपला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही तेच सांगतो. पण त्या दोन सिंहांचं काय चुकलं होतं, हे मला आजही कोणी सांगू शकलेलं नाही.

तुमच्या प्रश्नातल्या एका ओळीवर मी सगळ्यात जास्त अडखळलो. ‘मगर हलत नव्हती म्हणून मित्र खडे मारत होते.’ ताई, हे भाच्याच्या उतरण्यापेक्षा गंभीर आहे. ३८जे त्याला सरळ लागू होतं. त्यातून मगर जखमी झाली असती तर प्रकरण कुठल्या कुठे गेलं असतं. मगर अनुसूची १ मधला, म्हणजे या कायद्यात सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीतला प्राणी आहे, आणि या कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत बंदिस्त प्राण्याला इजा करणंही येतं. तिथे किमान शिक्षाच तीन वर्षांची आहे.

आता पुढे काय होईल ते. वन्यजीव कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल कोर्ट नुसत्या पोलीस अहवालावर घेत नाही. कलम ५५ प्रमाणे ठरावीक अधिकाऱ्याची तक्रार लागते. प्राणिसंग्रहालयांच्या बाबतीत केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचे सदस्य-सचिव त्यात येतात. साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही तक्रार करू शकतो. म्हणून गार्ड म्हणाला आणि उद्या अटक झाली, असं सहसा होत नाही.

ओळखीच्या माणसाचा फोन मात्र लावू नका, अगदी कळकळीने सांगतो. असा फोन आला की आमच्या ऑफिसात साधी नोंदसुद्धा कडक भाषेत लिहिली जायची. दाजींना आणि भाच्याला घेऊन स्वतः जा. पोराने स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावं की मोबाईल पडला, मी उतरलो, गार्डला हाक मारायला हवी होती. खड्यांचंही खरं लिहावं, मित्रांची नावं न घेता. मोबाईल कोणी आणि कशाच्या आधारे ठेवून घेतला, याची लेखी पोच मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि कुणी व्हिडिओ केला असेल तर तो कुठेही टाकू नका. नोटीस आलीच तर उत्तर देण्याआधी वकिलाला दाखवा.

जाताना त्या कठड्याचीही नीट पाहणी करा. उंची किती, पाटी मराठीत आहे का, कुठे पाईप निखळलाय का. काही सापडलं तर त्याच अर्जाखाली वेगळ्या परिच्छेदात लिहून द्या आणि त्याचीही पोच घ्या.