दोन वर्षांची मुदत नेमकी कुणासाठी?

तुमची मुलगी १९ वर्षांची. पुण्यात फ्रेंच घेऊन एस.वाय.बी.ए. करतेय, फ्रेंचची बी-टू ही वरच्या मध्यम पातळीची परीक्षा झालीय. तिला फ्रेंचमध्ये नाटकं लिहायची आहेत, त्यात कामही करायचंय. तुम्ही परवानगी दिलीत, पण अट घालून: दोन वर्षांत काही दिसलं नाही तर एमबीए, मग स्थळं. आणि मला विचारता, पॅरिसमधली कुठली संस्था ‘सेफ’?

तिच्या गुणांची मला काळजी नाही, काळजी या मुदतीची आहे. दोन वर्षांत नाटककार दिसत नाही हो. क्वेबेकच्या, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंचभाषी प्रांतातल्या, नाटककार अब्ला फरूद यांचंच बघा. जन्म १९४५, लेबनॉन, घरात अरबी. १९५१ मध्ये कुटुंब क्वेबेकला गेलं आणि फ्रेंच तिथे शिकल्या. सतराव्या वर्षी टीव्हीवर अभिनय सुरू झाला. पुढे लेबनॉन, मग पॅरिसच्या व्हॅन्सेन विद्यापीठात नाट्यशिक्षण, १९७३ मध्ये परत क्वेबेक. पहिलं नाटक आलं ते ऐंशीच्या दशकात, म्हणजे अभिनय सुरू केल्यावर जवळपास वीस वर्षांनी. तुमच्या अटीत त्या विसाव्या वर्षीच नापास झाल्या असत्या. त्यांच्या एका नाटकात बापाच्या दुकानात राबणाऱ्या दोन बहिणी आहेत. ते नाटक मुलीनं नाही वाचलं तरी चालेल, तुम्ही वाचा.

‘सी-वन (बी-टूच्या वरची पातळी) झालं की नाट्यशाळेत प्रवेश पक्का’ असंही तुम्ही लिहिलंय. हा गैरसमज आधी काढून टाका. ती परीक्षा समज आणि मांडणी तपासते. रंगमंचाची भाषा वेगळी. सतराव्या शतकातल्या फ्रेंच नाटककार रासीनच्या ‘फेद्र’ या पद्यनाटकातली ओळ घ्या: ‘वी, प्रँस, झ लाँगी, झ ब्र्यूल पूर तेझे’. ओळीत बारा अवयव, म्हणजे उच्चारातले तुकडे (सिलॅबल), हवेत. रोजच्या बोलण्यात ‘प्रँस’ आणि ‘ब्र्यूल’च्या शेवटचा पुसट ‘अ’ गळतो. पद्यात पुढे व्यंजन आलं की तो उच्चारावाच लागतो. सफाईनं फ्रेंच बोलणारी मुलगी नेमकी इथे दहा अवयवांत ओळ संपवते. शार्दूलविक्रीडित एकोणीसऐवजी सतरा अक्षरांत म्हटल्यासारखं. परीक्षकांच्या कानाला ते लगेच खुपतं. उपाय म्हणजे रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचन, बोटांवर अवयव मोजत, आणि रेकॉर्ड करून ऐकणं.

मार्ग थोडक्यात: इथे पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र किंवा दिल्लीचं राष्ट्रीय नाट्यविद्यालय (एनएसडी), फ्रान्समध्ये लिओंच्या एन्सात या नाट्यशाळेत नाट्यलेखनाचा वेगळा विभाग, माँट्रियलच्या नॅशनल थिएटर स्कूलच्या फ्रेंच शाखेत अभिनय चार वर्षं, नाट्यलेखन तीन. फ्रान्सच्या बऱ्याच राष्ट्रीय नाट्यशाळांत अभिनयाला कमाल वयाची अट असते, साधारण पंचविशी-सव्विशीची. खरी मुदत ही, आणि तिच्याकडे अजून पाच-सहा वर्षं आहेत.

पैशाचंही सांगते. फ्रान्समध्ये रंगकर्मींना बेकारभत्ता मिळतो, पण बारा महिन्यांत ५०७ तास काम दाखवावं लागतं. नटाचा एक ‘काशे’, म्हणजे एका प्रयोगाचं ठोक मानधन, बारा तास धरतात. म्हणजे किमान त्रेचाळीस हवेत. नाटक लिहिण्याचे तास यात मोजत नाहीत, कारण लेखकाला पगार नसतो, लेखनहक्काचे पैसे (रॉयल्टी) मिळतात. तिकडे नुसत्या लेखनावर जगणारे थोडेच. ती अभिनयही करणार म्हणते, हे शहाणपणाचं आहे.

तेव्हा आत्ता पॅरिस नको. बी.ए. पूर्ण होऊ द्या. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या कॉलेजच्या संघात तिला जाऊ द्या, तालमी रात्री उशिरापर्यंत चालतील, त्यावरून घरात वाद नको. वर्षभरात अर्ध्या तासाची एक एकांकिका तिनं मराठीत लिहावी, मग तीच फ्रेंचमध्ये नव्यानं. कुठला विनोद तिकडे पोचत नाही, कुठलं पात्र मुकं होतं, हे तेव्हाच कळेल.

पुढचं पत्र मात्र तिनं लिहावं, सोबत संवादांची चार पानं जोडून. स्थळांविषयी त्यात काही नको.