बोर्ड पास झालीस, आता पुढे

प्रिय डॉक्टर,

इंटर्नल मेडिसिनचं बोर्ड, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरच्या सर्टिफिकेटची परीक्षा, पास झाल्याचा तुझा मेसेज वाचून फार बरं वाटलं. शेवटी लिहिलंस, ‘सुटले एकदाची परीक्षांतून.’ म्हणून हे पत्र.

इथे अमेरिकेत १९९० च्या आधी बोर्ड झालेल्यांना ते सर्टिफिकेट जन्मभरासाठी मिळालं. तुझं-माझं तसं नाही. ते टिकवायला दर पाच वर्षांत १०० एमओसी पॉइंट (सर्टिफिकेट चालू ठेवायला करायच्या अभ्यासाचे गुण) लागतात, शिवाय दहा वर्षांनी मोठी परीक्षा, नाहीतर २०२२ पासून सुरू झालेली एलकेए, म्हणजे थोडे थोडे प्रश्न सोडवत द्यायची ऑनलाइन परीक्षा. राज्याचं लायसन्स वेगळं, त्याच्या तारखाही वेगळ्या. बोर्ड गेलं तरी लायसन्स राहतं, पण बऱ्याच हॉस्पिटलांत आणि इन्शुरन्सवाल्यांकडे अडतं.

माझं ऐकशील तर वेळ येईल तेव्हा एलकेए घे. तीन महिन्यांना ३० प्रश्न, पाच वर्षांत ६००. पुस्तकं बघायला मुभा आहे, दुसऱ्या कुणाला विचारायचं मात्र नाही. प्रश्न उघडला की चार मिनिटांचं घड्याळ सुरू होतं, म्हणून ड्युटीवर पेजर कमरेला असताना उघडू नकोस. मी शनिवारी सकाळी, घर उठायच्या आत, चहाचा कप घेऊन पाच-सहा सोडवते. तिमाहीच्या शेवटच्या रात्री तीसच्या तीस उरकणारे मी पाहिलेत. चुकलेल्या उत्तराखालचं स्पष्टीकरण वाचायला त्यांच्याकडे जीवच उरत नाही.

एमओसीवर चिडलेले सीनियर तुला भेटतील. त्यांचा राग खरा आहे; २०१५ च्या फेब्रुवारीत हे सर्टिफिकेट देणाऱ्या एबीआयएम संस्थेने स्वतःच ‘आमचं चुकलं’ म्हणत जाहीर माफी मागितली होती. तरी ऐक. मी एकदा पॉइंटांसाठी एमकेसॅप, म्हणजे सरावाचा प्रश्नसंच, सोडवत होते. सत्तरीच्या बाई, हृदयविकार नाही, स्ट्रोक नाही. ते पुढे होऊ नयेत म्हणून रोजची अ‍ॅस्पिरिन सुरू करायची का? सवयीने ‘हो’ केलं, रेसिडेन्सीत तेच शिकले होते. चूक. साठीनंतर अशांना ती नव्याने सुरू करू नये, कारण रक्तस्रावाचा धोका फायद्यावर मात करतो. सोमवारी माझ्याच पेशंटची यादी काढून बसले. अशी गोळी मी लिहून दिलेले चौघं निघाले. चौघांनाही स्वतः फोन केला.

तेव्हापासून एक वही ठेवलीय. एलकेएचे प्रश्न उतरवून घ्यायला मनाई आहे, ते करू नकोस. मला काय ठाऊक नव्हतं तेवढंच एका ओळीत लिहिते. तूही एक वही घाल. दिवाळीला घरी येशील तेव्हा घेऊन ये, माझीही दाखवते.

तुझी,
ताई