‘स्तो ऑप’ आधी नीट बसवून घ्या

नॉर्वेजियनमधल्या जोडक्रियापदांची (क्रियापद आणि त्याच्या जोडीला एक छोटा शब्द) यादी पाठ करत बसू नका. एकच धरा: ‘स्तो ऑप’, म्हणजे अंथरुणातून उठणे. रोज लागतं आणि नेमकं इथेच मराठी माणूस फसतो, कारण आपलं ‘उठणे’ तीन ठिकाणी चालतं. तिकडे तीन वेगळे शब्द आहेत. जाग येणे म्हणजे ‘वोक्ने’, अंथरूण सोडणे ‘स्तो ऑप’ आणि खुर्चीवरून उठणे ‘रायसे साय’.

रूपं चारच: स्तो ऑप, स्तोर ऑप (उठतो), स्तू ऑप (उठलो), हार स्तॉत ऑप (उठलो आहे). जोर ‘ऑप’वर द्या. ‘ऑप’ गाळलंत तर ‘याय स्तोर’चा अर्थ ‘मी उभा आहे’ असा होतो.

सुरुवातीच्या चुका:
- ‘ऑप’ क्रियापदाला चिकटवून ठेवणे. नकाराचा ‘इक्के’ मध्ये येतो: ‘याय स्तोर इक्के ऑप’ (मी उठत नाही).
- वेळेने वाक्य सुरू केल्यावर कर्ता पुढेच ठेवणे. ‘क्लोका शू स्तोर याय ऑप’ (सातला मी उठतो) हे बरोबर. क्रियापद दुसऱ्या जागी, मग कर्ता, मग ‘ऑप’. ‘हाल्व शू’ मात्र साडेसहा, साडेसात नव्हे!
- ‘ऑपस्तो’ला हेच समजणे. त्याचा अर्थ उद्भवणे, जसं अडचण उद्भवते.

आठवडाभर रोज तीन वाक्यं मोठ्याने म्हणा: एक होकारी, एक नकारी, एक वेळेने सुरू होणारं. सूर्य उगवतो त्यालाही ‘सूला स्तोर ऑप’च म्हणतात, तेही घ्या. बाकीची जोडक्रियापदं त्यानंतर.