लायब्ररीयन मुलीला 'अॅडव्होकेट' व्हायचंय, मग एलएलबी करावी का?

धनकवडीच्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झालीये, अनुदानित वाचनालयात नोकरी करते, पगार सांगायलाही लाज वाटावी असा. आता एका संस्थेनं तिला विचारलंय की ग्रंथपालांना ट्रेनिंग देऊन पाणी, बजेट, ग्रंथालय अनुदान अशा विषयांवर 'अॅडव्होकेट' करायचंय, येतेस का. ताई विचारतात, यासाठी एलएलबी करावी लागेल का, हे राजकारण तर नाही ना, आणि आहे ती नोकरी जाईल का?

ताई, काळा कोट विसरा. इथं अॅडव्होकेट म्हणजे लोकांचा प्रश्न कागदपत्रांनिशी योग्य टेबलावर नेणारा आणि तो हलेपर्यंत पाठपुरावा करणारा माणूस, त्याला वकिलीची सनद लागत नाही.

आणि ग्रंथपालच का, तर एक प्रसंग सांगतो. पेठेतल्या एका वाचनालयात मी बसलो होतो, एक आजोबा आले, रस्तारुंदीत घराचा कोपरा जातोय म्हणून चिडलेले, आवाज चढलेला. तिथल्या बाई काही बोलल्या नाहीत, आत गेल्या, पेपरचे जुने गठ्ठे आणले, जाहीर सूचनेचं पान काढून दिलं, हरकतीची शेवटची तारीख पेन्सिलीनं चिठ्ठीवर लिहिली आणि म्हणाल्या, "काका, ओरडू नका, लिहून द्या." आजोबा तिथंच टेबलावर अर्ज लिहायला बसले! तुमच्या मुलीला हे रोज जमत असणार, फक्त त्याला कुणी काम म्हटलेलं नाही.

ही काही नवी टूम पण नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची 1931 ची ग्रंथालयाची पाच सूत्रं तिला पाठ असतील, पण त्याच माणसानं ग्रंथालय कायद्याचे मसुदे लिहिले, वर्षानुवर्षं मागे लागले, तेव्हा कुठे 1948 ला मद्रासचा कायदा झाला. आपला महाराष्ट्राचा 1967 चा. तमिळनाडू, कर्नाटकात मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतात, आपल्याकडे तो नाही, सगळी भिस्त सरकारी अनुदानावर, त्यामुळे अनुदान लटकलं की पगार लटकतो. म्हणजे धोरणाचा पहिला धडा तिच्या बँक पासबुकातच आहे, सुरुवात तिथूनच करू दे ना.

राजकारणाचं म्हणाल तर थोडं जपावं लागेल, हे मी लपवत नाही. सरकारी नोकर असती तर 1979 चे वर्तणूक नियम लागू झाले असते, सरकारवर जाहीर टीका करता आली नसती. ती संस्थेची नोकर आहे, तरी कार्यकारी मंडळाला आधी सांगावं आणि परवानगी लेखी घ्यावी, नुसतं 'हो हो कर' वर जाऊ नये (उद्या अध्यक्ष बदलले की कुणाला काही आठवत नाही). कुठल्या पक्षाच्या मंडपात वाचनालयाचं नाव लावायचं नाही. लोक तिच्याकडे येतात ते ती कुणाची नाही म्हणून, तो विश्वास गेला तर मग ट्रेनिंग चाटायचंय का.

पैशाचं स्पष्ट सांगतो, हे आज तरी पूर्णवेळ करिअर नाही. संस्थेला विचारा, मानधन किती, किती महिन्यांचं, पैसा कुठून येतो, आणि पत्र द्या म्हणावं. उत्तर गुळमुळीत आलं तर नाही म्हणा. एम.लिब. आणि नेट-सेट या पात्रता परीक्षांचा अभ्यास सोडू नये, कॉलेजच्या ग्रंथपालाच्या जागेसाठी सहसा तेच लागतं. वय 25 च्या आत असेल तर खासदारांसोबत काम करायची लॅम्प फेलोशिप असते, कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, ती जरूर बघा.

तोवर एक करून बघू दे. 2018 मध्ये राज्य सरकारनं परिपत्रक काढलं की सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना सरकारी कार्यालयांतल्या फायली बघू द्या, पुणे महापालिकेत तर ही पद्धत त्याच्या आधीपासूनची. तिनं एखादा सोमवार अर्धी रजा टाकून जावं, आपल्याच भागातल्या एका कामाची फाईल मागावी. नाही दाखवली तर माहिती अधिकाराचा अर्ज, फी 10 रुपये, विषय एकच आणि शब्द 150 च्या आत. तिथं कळेल तिला हे आवडतंय की नुसता वैताग येतोय. झेरॉक्सचे सुट्टे पैसे मात्र घरूनच न्यायला सांगा, तिथं कुणाकडेच नसतात.