मावशीकडे पैसे कसे मागू?

‘माई, मी फोंड्याचा, वय 33, नोकरी वेर्ण्याच्या कारखान्यात. सहा वर्षं पडवीत हौसेने सुतारकाम करतोय. मावशीला सागवानी देव्हारा करून दिला, तिने 14,000 दिले. आता तीन ओळखीचे मागे लागलेत. नोकरी सोडून ऑर्डरप्रमाणे फर्निचर करायचा धंदा काढावासा वाटतो. बाबा म्हणतात, एवढं शिकवलं ते मेस्त व्हायला? काय करू?’
– रंधावेडा

अरे रंधावेड्या,

पत्राच्या मागे तू केलेला हिशेब मी दोनदा वाचला. लाकूड 9,500. बिजागऱ्या, पॉलिश, सँडपेपर 1,800. उरले 2,700, आणि रात्री-रविवार मिळून तास लागले 60. म्हणजे तासाला 45 रुपये, आठ तासांचा रोज 360. एवढ्या रोजावर गवंड्याच्या हाताखाली चिरे उचलायलाही फोंड्यात कोणी येणार नाही. वीज आणि टेम्पोचं भाडं तर तू धरलेलंच नाहीस. हात तुझा चांगला आहे, फोटोत दिसतंय. अडलंय ते मावशीपुढे तोंड उघडायला.

म्हणून नोकरी आत्ता सोडू नकोस. ते तिघे आहेत ना, त्यांचंच काम घे, पण पूर्ण दराने. लाकूड घनफुटावर घेतोस तेव्हा गाठी, भेगा, रंध्याचा भुसा यांचेही पैसे तूच मोजतोस, ते गिऱ्हाइकाच्या दरात यायला हवेत. मापांसकट चित्र काढ, त्यावर त्यांची सही घे आणि निम्मे पैसे आधी घे. नात्यातल्या माणसाकडून तर आधी घे. तिघांपैकी दोघे दर ऐकून गायब झाले तरी वाईट वाटून घेऊ नकोस, ते तुझे गिऱ्हाईक नव्हतेच.

आता आपल्या हवेचं. गोव्यात सगळ्यांना चौरंग हवा असतो तो चवथीच्या आधी, म्हणजे ऐन पावसात, लाकूड पाणी पिऊन फुगलेलं असताना. आमच्याकडे एका मेस्ताने श्रावणात जेवणाचं टेबल करून दिलं. फेब्रुवारीत दोन फळ्यांमधल्या फटीत रुपयाचं नाणं उभं राहायला लागलं! फळी लांबीत फारशी हलत नाही, रुंदीत हलते. तेव्हा वरचा भाग खालच्या चौकटीला फेविकॉलने जखडू नकोस, स्क्रूची भोकं लांबट ठेव. आणलेलं लाकूड मध्ये पट्ट्या घालून काही आठवडे घरात रचून ठेव, ओलावा मोजायचं छोटं यंत्र घे. चौरंगाच्या ऑर्डरी एप्रिलमध्येच घ्यायला लाग. लोक हसतील, हसू देत.

कागदपत्रांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस. नुसत्या वस्तू राज्यातच विकत असशील तर वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे, हत्यारांसाठी 15,000 पर्यंत मिळतात, पण ती हाच धंदा करून पोट भरणाऱ्यांसाठी आहे. पगार चालू असताना तिकडे बघू नये असं मला वाटतं.

बाबांशी वाद घालू नकोस. मेस्त या शब्दात त्यांना कमीपणा वाटतो, मला मात्र वाटत नाही. आपल्या देवळांतले कोरीव खांब आणि जुन्या घरांतल्या वेताच्या खुर्च्या आकाशातून पडल्या नाहीत. पण हे त्यांना सांगून पटायचं नाही. त्यांची ती डुगडुगणारी आरामखुर्ची आहे म्हणतोस ना, ती या रविवारी सांधे उघडून नीट कर. पैसे घेऊ नकोस. माझ्या हिशेबात फुकट काम एवढं एकच.

आणि म्हापशाची ती बाई, जिला आठ माणसांचं टेबल हवंय, तिला उद्या फोन कर. दर सांग आणि गप्प बस. ‘जास्त वाटत असेल तर बघू’ हे वाक्य तुझ्या तोंडून यायच्या आत तिला बोलू दे.

– माई