कॅलिफोर्नियातल्या जुन्या केसचे कागद कसे मिळवायचे

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: यजमानांवर बऱ्याच वर्षांपूर्वी दक्षिण कॅलिफोर्नियात दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाली. दंड, क्लास, प्रोबेशन (कोर्टाच्या अटींखाली काढायची मुदत) सगळं उरकलं. आता सिटिझनशिपच्या अर्जासाठी कागद हवेत, तर कोर्टाच्या साइटवर नावाने काही सापडत नाही आणि केस नंबर टाकला की नुसत्या तारखा दिसतात.

कागद उघडत नाहीत यात साइटचा दोष नाही. राज्याचा नियमच तसा आहे (रूल 2.503). फौजदारी, घटस्फोट, पालकत्व अशा केसेसची तारीखवार नोंद घरबसल्या दिसू शकते, आतले कागद मात्र कोर्टात जाऊन बघायचे. फाइल सगळ्यांना खुली, पण शेजाऱ्याने सोफ्यावर लोळत वाचावी इतकीही नको, असा हिशेब. मला तो पटतो.

नावाने न सापडण्याचं कारण बहुधा स्पेलिंग. 2021 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने जन्मतारीख किंवा लायसन्स नंबर टाकून फौजदारी इंडेक्स (केसेसची यादी) शोधायला मनाई केली, त्यामुळे हाताशी उरतं ते नाव. आणि आपली नावं! पोलिसाने वडिलांचं नाव आडनाव म्हणून लिहिलेलं असतं, नाहीतर आडनावातला एक 'ए' गाळलेला असतो. उलटसुलट करून बघा. पण केस नंबर तुमच्याकडे आहेच, मग नावाच्या मागे फार लागू नका.

आता कोर्ट कुठलं? कॅलिफोर्नियात 58 काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) आणि प्रत्येकीचं एक सुपीरियर कोर्ट. 1998 च्या मतदानानंतर छोटी म्युनिसिपल कोर्टं त्यांच्यातच विलीन झाली, म्हणून सिग्नल तोडण्यापासून खुनापर्यंत सगळं तिथेच चालतं. गाडी जिथे पकडली त्या काउंटीत अर्ज करायचा. तुम्ही आता बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला) राहता, त्याचा इथे काही संबंध नाही. (घराचं खरेदीखत किंवा लग्नाचा दाखला लागला तर तो काउंटी क्लर्क-रेकॉर्डरकडे, कोर्टात नाही.)

क्रिमिनल क्लर्कच्या खिडकीवर जा किंवा पोस्टाने अर्ज पाठवा. वकील लागत नाही, कारणही कुणी विचारत नाही. आपल्याकडे नक्कल विभागात केसशी संबंध नसलेल्याला कारण दाखवावं लागतं, तसं इथे नाही. "सर्टिफाइड डिस्पोझिशन" (केसचा शेवट काय झाला ते सांगणारा, कोर्टाच्या शिक्क्याचा कागद) हवंय असं नेमकं सांगा, नाहीतर साध्या झेरॉक्स हातात पडतील. सोबत मूळ तक्रारीची आणि प्रोबेशन संपल्याच्या नोंदीची प्रतही मागा. नक्कल पानाला 50 सेंट, प्रमाणित करायचे 40 डॉलर, आणि शोधायला दहा मिनिटांहून जास्त लागली तर 15 डॉलर वेगळे. फाइल गोदामात असली तर आणायला काही दिवस जातात.

पैसे घेऊन "बॅकग्राउंड रिपोर्ट" देणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका. इमिग्रेशनला कोर्टाच्या शिक्क्याचा कागद लागतो.

आणि फाइल मुदत संपून नष्ट झाली असेल तर रिकाम्या हाताने परतू नका. रेकॉर्ड आता उपलब्ध नाही असं कोर्टाचं प्रमाणित पत्र मागून घ्या, ते अर्जाला जोडता येतं.