माझ्या संदेशातली चूक कुणी दाखवली, तर ते कसं घ्यावं?

जय ख्रिस्त. मंडळीच्या तरुण संघात पहिल्यांदाच संदेश, म्हणजे बायबलवर प्रवचन, दिलात, मग मंडळीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी बाजूला घेऊन वचनाचा अर्थ तसा नाही असं सांगितलं, आणि तेव्हापासून संघात जावंसंच वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाईट वाटणारच. पण त्यांनी तुम्हाला बाजूला घेतलं, चारचौघांत बोलल्या नाहीत, हे मला मोठं वाटतं.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अध्याय 18 ची शेवटची पाच वचनं निवांत वाचा. अपुल्लो आलेक्सांद्रियाचा, बोलण्यात पटाईत, शास्त्रात पारंगत. इफिसच्या सभास्थानात बेधडक बोलत होता, पण त्याला बाप्तिस्मा ठाऊक होता तो फक्त योहानाचा, म्हणजे येशूच्या आधी आलेल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा. ऐकणाऱ्यांत अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला होते, राहुट्या करून पोट भरणारं जोडपं. करिंथात प्रेषित पौल त्यांच्याच घरी राहून काम करायचा. त्यांनी अपुल्लोला भर सभेत अडवलं नाही. जवळ बोलावून देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. त्यावर तो काय म्हणाला, ते हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकनं लिहिलेलंच नाही. पण लगेच पुढे त्याला अखयाला, म्हणजे ग्रीसमधल्या प्रांतात, जायचंय, आणि बंधू त्याला उत्तेजन देऊन तिथल्या शिष्यांना पत्र लिहितात, याचं स्वागत करा म्हणून. एवढा विद्वान राहुट्या करणाऱ्यांकडून शिकला, त्यातही एका बाईकडून. आपल्याकडे काहींना हे अजून जड जातं!

मी एक बघतो : सांगणारा वचन उघडून दाखवतो का? आमच्या मंडळीत एक निवृत्त शिक्षिका आहेत. पाळकसाहेबांचा संदेश चालू असतानाही त्यांची पेन्सिल वहीवर चालूच. एखाद्या पोराचं चुकलं की चपला घालताना हळूच म्हणतात, "छान बोललास रे. संध्याकाळी चहाला ये, बायबल घेऊन ये." चहा झाला की ते पान काढायचं आणि मागची चार-सहा वचनंही त्यालाच मोठ्यानं वाचायला लावायची. बहुतेकदा चूक त्यालाच दिसते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांदेखत कान उपटणारे वेगळे. तिथे वाद घालत बसू नका. मत्तय 18:15 प्रमाणे भावाचा अपराधसुद्धा आधी एकांतात दाखवायचा, मग वचनाच्या अर्थाचं काय घेऊन बसलात! तरी मुद्द्यात तथ्य आहे का, हे पाळकांना जरूर विचारा. सांगायची तऱ्हा वाईट, म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही.

आणि "प्रभूनं तुम्हाला किती छान वापरलं!" असं कुणी म्हणालं, तर आनंदानं घ्या, पण नेमकं काय भिडलं तेही विचारा. अनेकांना सांगता येत नाही.

त्या बाईंना येत्या रविवारी गाठा. पुढच्या संदेशाची टिपणं आधी दाखवायला आणू का, एवढंच विचारा.